खिशातला मफलर

‘द स्नोमन’ या चित्रपुस्तकातला मुलगा सकाळी उठतो, जिना उतरून धावत अंगणात जातो आणि थबकतो. रात्रभर ज्याच्याबरोबर हिंडला, तो बर्फाचा माणूस वितळून गेला आहे. टोपी उरली, गळ्यातला हिरवा मफलर उरला, खाली ओला ढीग. शेवटच्या पानावर एकच लहानसं चित्र, मुलगा पाठमोरा, बाकी पान कोरं. पुस्तक मिटताना आपण मनाची समजूत घालू शकतो, की पोराला स्वप्न पडलं असेल.

यावरून झालेल्या १९८२ च्या चित्रपटातला मुलगाही असाच धावतो, असाच थबकतो. मग त्याचा हात गाऊनच्या खिशात जातो आणि आतून एक निळा मफलर बाहेर येतो, बर्फाच्या माणसांची नक्षी असलेला. आदल्या रात्री उत्तर ध्रुवावर फादर ख्रिसमसनं, म्हणजे सांताक्लॉजनं, तो त्याच्या गळ्यात घातला होता. म्हणजे स्वप्न नव्हतं. मुलगा गुडघे टेकून बसतो, कॅमेरा मागे मागे जातो, चित्रपट संपतो.

हा निळा मफलर पुस्तकात नाही. फादर ख्रिसमसही नाही, उत्तर ध्रुवही नाही. रूपांतरात भर घातली की मूळ गोष्ट पातळ होते, अशी आपली तक्रार असते आणि बहुतेक वेळा ती खरीच असते. ‘द स्नोमन’च्या बाबतीत मात्र बाहेरून आणलेल्या वस्तूनंच मूळ शेवट जास्त कठोर केला. ते कसं घडलं, हे बघण्यासाठी हे प्रकरण.

चिखलानंतरचा बर्फ

‘द स्नोमन’चे लेखक-चित्रकार रेमंड ब्रिग्ज यांचा जन्म १९३४ चा, लंडनच्या विम्बल्डन भागातला. वडील अर्नेस्ट घरोघरी दूध पोचवायचे. आई एथेल लग्नाआधी श्रीमंताघरी कामाला होती. या दोघांच्या संसारावर ब्रिग्ज यांनी पुढे १९९८ मध्ये एक अख्खं चित्रपुस्तक काढलं. पण वडिलांची सावली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या कामात आहे. १९७३ च्या ‘फादर ख्रिसमस’ या पुस्तकातला म्हातारा पाहा. थंडीला शिव्या घालत पहाटे उठणारा, चहा पिऊन कामाला लागणारा, धुराड्यांना वैतागलेला. हा कोणी देवदूत नाही, फेरीवर निघालेला कामगार आहे. दूधवाल्याच्या मुलालाच असा फादर ख्रिसमस सुचावा.

मग १९७७ मध्ये ‘फंगस द बोगीमन’ आलं. जमिनीखाली राहणाऱ्या, घाण आणि चिकट ओल यांत रमणाऱ्या प्राण्याचं पुस्तक, शब्दांनी गच्च भरलेलं. दोन वर्षं त्या चिखलात काढल्यावर काहीतरी स्वच्छ, ताजं, बिनशब्दांचं आणि लवकर हातावेगळं होणारं करावंसं वाटलं, असं ब्रिग्ज सांगत. त्यातून १९७८ मध्ये ‘द स्नोमन’ निघालं. ३२ पानं, एकही वाक्य नाही, सगळं काम रंगीत पेन्सिलींचं. शाईची काळी रेघ कुठेच नसल्यामुळे प्रत्येक गोष्टीच्या कडा मऊ, जणू धुक्यातून दिसणाऱ्या. घर आणि आजूबाजूचा प्रदेश त्यांच्या ओळखीचा: ससेक्समधल्या साउथ डाउन्स टेकड्यांच्या पायथ्याशी ते राहत असत, आणि पुस्तकातली जोडी उडते ती याच टेकड्यांवरून समुद्रकाठच्या ब्रायटन शहराकडे.

गोष्टीत नाताळ नाही, हे पुन्हा सांगायला हवं, कारण आज कोणाचा विश्वास बसत नाही. घरात सजवलेलं झाड नाही, भेटवस्तू नाहीत, घंटा नाहीत. बर्फ पडतो, मुलगा बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर हिंडतात, उडून समुद्रापर्यंत जाऊन येतात, सकाळी तो वितळतो. इतकंच. ब्रिग्ज यांचे आई-वडील दोघंही १९७१ मध्ये गेले होते आणि पत्नी १९७३ मध्ये. मुलांना मृत्यूची ओळख करून देणारं हे पुस्तक आहे, हे त्यांनी लपवलं नाही. बर्फाचा माणूस वितळतो, आई-वडील जातात, फुलं जातात, त्यात विशेष उदास होण्यासारखं काही नाही, अशा धर्तीवर ते बोलत. सुखान्त रचण्यात त्यांना रस नव्हता.

अर्ध्या तासाचा खड्डा

निर्माते जॉन कोट्स यांच्या टीव्हीसी या लंडनच्या स्टुडिओकडे अनुभव मोठा होता. १९६८ ची ‘यलो सबमरीन’ याच स्टुडिओतून बाहेर पडली होती. आणि समोर एक नवं गिऱ्हाईक उभं राहत होतं: ब्रिटनची चौथी दूरचित्रवाणी वाहिनी, चॅनल फोर. तिचं प्रक्षेपण सुरू झालं २ नोव्हेंबर १९८२ ला. पहिल्या नाताळात दाखवायला काहीतरी नवं हवं होतं.

अडचण अशी, की हे पुस्तक निवांत चाळलं तरी दहा मिनिटांत संपतं. जाहिराती वगळून अर्ध्या तासाची जागा भरायची म्हणजे साधारण २६ मिनिटं हवीत. पूर्वार्धाची चिंता नव्हती. बर्फाच्या माणसाला घर दाखवणं ही न संपणारी गंमत आहे: तो फळं नाकाच्या जागी लावून बघतो, आई-वडील झोपलेल्या खोलीत जाऊन त्यांचे कपडे चढवतो, चुलीच्या उबेला बिचकतो आणि फ्रीजरच्या गारव्यात सुखावतो. पुस्तकात दोघं दारातल्या मोटारीत बसून खेळतात. चित्रपटात त्याऐवजी मोटरसायकल आली आणि रात्रीच्या बर्फातून भन्नाट फेरी झाली. हा बदल कोणाला खटकत नाही. चित्रपुस्तकाला थांबलेली मोटार पुरते, पडद्याला धावतं काहीतरी लागतं.

खरा खड्डा उत्तरार्धात होता. पुस्तकात दोघं उडतात, ब्रायटनचा राजवाडा आणि समुद्रात शिरलेला धक्का बघतात, उजाडायच्या बेताला परततात. कागदावर हे तीन-चार पानांत सुंदर दिसतं. चित्रपटात प्रेक्षक विचारणार: एवढं उडून गेलात कुठे?

त्यावर उत्तर निघालं, उत्तर ध्रुव. तिथे बर्फाच्या माणसांचं संमेलन, नाचगाणं, खाणंपिणं आणि यजमान म्हणून फादर ख्रिसमस. ब्रिग्ज यांचाच, त्यांच्या १९७३ च्या पुस्तकातल्यासारखा दिसणारा. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांमध्ये दार उघडलं म्हणा. घरात सजवलेलं झाडही आलं, आणि गोष्टीची रात्र नाताळची झाली. मुलाला नावही मिळालं. पुस्तकात तो बिननावाचा आहे. चित्रपटात भेटवस्तूच्या चिठ्ठीवर ‘जेम्स’ लिहिलेलं दिसतं, ते एका ॲनिमेटरनं घातलं.

ब्रिग्ज यांना हे नाताळीकरण फारसं रुचलं नव्हतं. गोडमिट्ट वाटतं, असं त्यांचं मत. पण चित्रपट करणाऱ्यांना ते का लागलं हे त्यांना कळत होतं, आणि जमलंय हेही त्यांनी कबूल केलं. माझं मत विचाराल तर ते संमेलन हा चित्रपटाचा सर्वांत साधारण भाग आहे. घरातल्या प्रसंगांत जी निरागस चूक-भूल आहे, ती तिथे नाही. तिथे सगळे आनंदी आहेत आणि आपल्याला ते बाहेरून बघायचंय. तरी तो तुकडा काढून टाकता येत नाही, कारण मफलर तिथून येतो.

पेन्सिल चालवायची कशी

आता कारागिरीकडे. त्या काळी ॲनिमेशन म्हणजे सेल: पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पानावर शाईनं रेघ काढायची आणि मागच्या बाजूनं सपाट रंग भरायचा. रंग सपाट का? कारण एका चित्रात अमुक छटा आणि पुढच्या चित्रात किंचित वेगळी छटा आली, की पडद्यावर ती फडफडते. सपाट रंग भरणाऱ्या कोणाच्याही हातून सारखाच उतरतो. पेन्सिलीचे फराटे कधीच सारखे उतरत नाहीत.

ब्रिग्ज यांचं पुस्तक सपाट रंगात काढणं सोपं होतं, पण मग ते ब्रिग्ज यांचं राहिलं नसतं. दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन यांनी अवघड वाट धरली. त्यांचा हात ‘यलो सबमरीन’वर घडला होता, आणि देखरेखीला जिमी मुराकामी हे अनुभवी दिग्दर्शक होते. गुळगुळीत सेलवर क्रेयॉन धरत नाही, म्हणून धुरकट, किंचित खरखरीत पृष्ठभागाचे सेल वापरले आणि त्यांवर रंगीत पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल यांनी हातानं छटा भरल्या. हिशोब करून बघा. २६ मिनिटं म्हणजे १,५६० सेकंद. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी, आणि हस्तचित्रांच्या रिवाजाप्रमाणे एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं. गुणाकार १८,७२० वर जातो, आणि एका दृश्यात दोन पात्रं वेगळ्या थरांवर असली की तो आणखी फुगतो. प्रत्येक चित्रावर हातानं घासलेली छटा.

मग फडफडीचं काय? ती राहिली. जेम्सचा गाल, बर्फाच्या माणसाचं पोट, भिंतीवरचा उजेड, सगळं अगदी बारीक थरथरत असतं. दुसऱ्या गोष्टीत हा दोष ठरला असता. इथे स्थिर उभ्या पात्रातही श्वास चालू असल्यासारखं वाटतं, आणि ज्याचा नायक बर्फ आहे त्या गोष्टीत काहीच पक्कं, टिकाऊ दिसू नये हे बरंच झालं.

उड्डाणाचा प्रसंग तर वेगळाच. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये मागचं दृश्य एकदाच रंगवून कॅमेऱ्याखाली सरकवतात. इथे पात्रं टेकड्यांवरून वळतात, खाली झेपावतात, जमीन फिरते, झाडं जवळ येऊन मागे पडतात. म्हणजे जमीनच चित्रागणिक नव्यानं काढायला हवी. संगणक मदतीला नव्हता. साउथ डाउन्सची प्रत्येक घडी कोणीतरी पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा वळवली आहे. चित्रपटातला सर्वांत जास्त आठवला जाणारा भाग हाच असावा, यात नवल नाही.

कोणी बोलायचं नाही

पुस्तक मुकं, हे खरं, पण दूरचित्रवाणीला मुकेपणाची धास्ती असते. प्रेक्षक स्वयंपाकघरात गेला तरी कानावर काहीतरी पडत राहावं, असा तिचा स्वभाव. निवेदक घालणं सोपं होतं. ‘आणि मग जेम्सला वाटलं...’ अशा वाक्यांनी २६ मिनिटं आरामात भरली असती.

संगीतकार हॉवर्ड ब्लेक यांनी वेगळं सुचवलं: शब्द नकोत, पूर्ण वाद्यवृंदाचं संगीत, आणि मधोमध एकच गाणं. त्या गाण्याची चाल त्यांच्याकडे काही वर्षांपासून पडून होती, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फिरताना सुचलेली. चित्रांची कच्ची मालिका आणि त्यावर पियानो, असा छोटा नमुना करून वाहिनीला दाखवला आणि काम मिळालं.

सुरुवातीला शेतातून चालणारे ब्रिग्ज स्वतः दिसतात आणि त्या हिवाळ्याबद्दल दोन वाक्यं बोलतात. त्यानंतर संपूर्ण चित्रपटात संवाद नाही. ‘वॉकिंग इन द एअर’ हे गाणं उड्डाणाबरोबर सुरू होतं. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदातल्या पीटर ऑटी या मुलाचा तो आवाज. गाणं आनंदाच्या प्रसंगाचं आहे, पण चाल करुण आहे. मुलगा आकाशात आहे, जगातली सगळी मौज त्याच्या मुठीत आहे, आणि संगीत आपल्याला आधीच सांगून ठेवतंय की हे टिकणार नाही. निवेदकानं हे सांगितलं असतं तर आपण त्याला गप्प बस म्हटलं असतं.

ऑटीचं नाव मूळ श्रेयनामावलीत नव्हतं. १९८५ मध्ये एका खेळण्यांच्या दुकानसाखळीच्या जाहिरातीसाठी हेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं, ते ॲलेड जोन्स या वेल्श मुलाकडून. ती तबकडी लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. तेव्हापासून लोक चित्रपटातला आवाजही जोन्सचाच समजतात. ऑटीला श्रेय मिळायला चित्रपटाचा विसावा वाढदिवस, म्हणजे २००२ सालची आवृत्ती यावी लागली.

सकाळ

चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला २६ डिसेंबर १९८२ ला. नाताळ उलटून गेलेला, भेटवस्तू उघडून झालेल्या, घरात थोडी मरगळ. अशा संध्याकाळी मुलांना एका मित्राचा मृत्यू दाखवायचा. नव्या वाहिनीचं धाडस म्हणायचं.

शेवट बदलणं अगदी सोपं होतं. बर्फाचा माणूस ध्रुवावर राहून गेला असता, खिडकीतून हात हलवला असता, पुढच्या हिवाळ्याचं आश्वासन दिलं असतं. गोष्टीत फादर ख्रिसमस आणल्यावर तर चमत्कार फुकट मिळतो. त्याला जादू येते, एक बर्फाचा माणूस वाचवणं त्याला काय कठीण? पण जॅक्सन यांनी त्याच्याकडून फक्त एक मफलर घेतला. सांत्वन म्हणून दिलेली भेटच पुढे पुरावा झाली: रात्र खरी होती, मित्र खरा होता, म्हणून त्याचं जाणंही खरं आहे. पुस्तकानं वाचकासाठी स्वप्नाची पळवाट उघडी ठेवली होती, ती चित्रपटानं बंद केली. नाताळ आत आणल्यामुळे गोष्ट गोड व्हायला हवी होती. झालं उलटंच.

बहिणीच्या मुलीबरोबर हे पाहत होतो, तेव्हा तिनं विचारलं, ‘त्याला कोणी आधी सांगितलं का नाही?’ प्रश्न आपल्या मातीतला आहे. आपल्याकडच्या मुलांना हातानं घडवलेली मूर्ती विरघळताना पाहायची सवय असते. शाडूचा गणपती दीड दिवसानं किंवा दहाव्या दिवशी बादलीत, पिंपात, तलावात जातो. पण तिथे दिवस ठरलेला असतो, आरती होते, हातावर खिरापत पडते, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडायला मिळतं. रडू आलं तरी सगळे मिळून. जेम्सला तारीख कोणी सांगितली नव्हती. आई-वडील आत न्याहारीला बसलेत, तो त्यांच्यासमोरून धावत बाहेर गेला, आणि पुढे कोणीही त्याच्या मागोमाग आलं नाही. कॅमेरासुद्धा जवळ जात नाही, लांब जातो.

त्यानंतर

ऑस्करसाठी लघु ॲनिमेशनपटांत नामांकन झालं. पुरस्कार मिळाला पोलंडच्या ‘टँगो’ला, आणि तोही चित्रपट असामान्य आहे, त्यामुळे हळहळ नको. ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मात्र मिळालं. अमेरिकेत ओळखीचा चेहरा हवा म्हणून ब्रिग्ज यांची प्रस्तावना बाजूला ठेवून गायक डेव्हिड बोवीची घातली गेली: मोठा झालेला मुलगा माळ्यावर येतो, कप्प्यातून मफलर काढतो. बोवी छान दिसतो, पण गोष्ट सुरू होण्याआधीच मफलर दाखवल्यावर शेवटी खिशात हात जाताना उरतं काय?

चॅनल फोर हा चित्रपट जवळजवळ दर नाताळात दाखवत आलं आहे. बर्मिंगहॅममध्ये १९९३ ला त्याचा रंगमंचावरचा अवतार आला आणि पुढे लंडनच्या पीकॉक थिएटरमध्ये हिवाळ्यात तो ठाण मांडून बसला. डायॅन जॅक्सन १९९२ च्या अखेरीस वारल्या. याच स्टुडिओनं १९८६ मध्ये मुराकामींच्या दिग्दर्शनाखाली ब्रिग्ज यांचं अणुयुद्धावरचं ‘व्हेन द विंड ब्लोज’ पडद्यावर आणलं. तिथे म्हातारं जोडपं किरणोत्सर्गानं हळूहळू खंगतं. तिथेही कोणी चमत्कार केला नाही.

३० वर्षं झाली म्हणून २०१२ च्या २४ डिसेंबरला ‘द स्नोमन अँड द स्नोडॉग’ आला. कोट्स त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते. चित्रपट त्यांना अर्पण केला आहे. पेन्सिलीची पोत जपलेली, रचना जवळजवळ तीच, गाणं नवं. यातल्या बिली नावाच्या मुलाचा म्हातारा कुत्रा मेलेला असतो. तो बर्फाचा माणूस करतो आणि जोडीला बर्फाचा कुत्रा. ध्रुवावरची भेट यावेळी मफलर नाही, कुत्र्याचा पट्टा आहे. तो गळ्यात पडताच बर्फाचा कुत्रा खराखुरा होतो. सकाळी माणूस वितळतो, कुत्रा उरतो. गेलेल्याच्या जागी नवा मिळाला, हिशोब चुकता झाला. वाईट नाही, लहान मुलं खूश होतात. पण १९८२ मध्ये हाच पर्याय समोर होता आणि तो घेतला गेला नाही, हे हा चित्रपट पाहताना जास्त कळतं.

तरी त्यातली एक गोष्ट मी मनाशी ठेवली आहे. बिली राहायला येतो ते जेम्सचंच जुनं घर. खोलीतल्या लाकडी फळीखाली त्याला एक पेटी सापडते. आत जेम्सचा आणि बर्फाच्या माणसाचा फोटो, ती जुनी टोपी, हिरवा मफलर, कोळशाचे तुकडे, आणि नाकाच्या जागी लावलेलं संत्रं, वाळून गोळा झालेलं. म्हणजे त्या सकाळी कॅमेरा लांब निघून गेल्यावर, कधीतरी जेम्स उठला असणार, आणि त्या ओल्या बर्फातून त्यानं एकेक कोळसा वेचला असणार.